अंतरपाटापाशीची जागा

“एक बात सुन,” अंबाजींनी दुसऱ्या फोटोग्राफरला बोटानं फरशी दाखवली. “ही जागा माझी. अंतरपाट खाली आला की फोटो मी घेणार. तुझा फ्लॅश माझ्यासोबत उडाला तर नवरा-नवरी दोघं पांढरेफटक. समजलं?”

समीरला वराकडच्यांनी आणलं होतं. गळ्यात सिंगापूरचा कोरा कॅमेरा, आपोआप फोकस होणारा. नवरदेव कंप्युटरवाला, आठवड्याभरात बायकोला घेऊन अमेरिकेला निघालेला. त्याला आपल्या माणसानं काढलेले वेगळे फोटो हवे होते. हौस दांडगी! अंबाजी पंचवीस वर्षं हिमायतनगरात लग्नाचे फोटो काढत आलेले. अंतरपाटापाशीची जागा त्यांनी सख्ख्या भावालासुद्धा दिली नसती.

“हौ काका, टेन्शन नक्को,” समीर हसला. “मी मागं थांबतो.”

अक्षता वाटून झाल्या. भटजींनी अंतरपाट धरायला लावला. तेवढ्यात नवरीची आई, सुलभाबाई, पाण्याचा तांब्या उचलून मागच्या दाराकडं निघाल्या. लेकीचं लग्न लागताना आईनं बघायचं नसतं, तुळशीला पाणी घालत राहायचं. रीतच ती.

अंबाजींनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला.

तीन वर्षांपूर्वी लेकीच्या, चारुलताच्या लग्नात त्यांची बायको तारामतीही असाच तांब्या घेऊन गेली होती. तेव्हाही अंबाजी असेच अंतरपाटापाशी. नवरीचा बाप झाले तरी कॅमेरा काही सुटला नाही! पुढं दिवाळीत तारामती वारली. लेक माहेरी आली की अल्बम उघडते आणि विचारते, “बाबा, आई कुठंय?” तीनशे फोटोंत तारामती एकदाच आहे. दारातून बाहेर जाताना, पाठमोरी. तिचं त्या दिवशीचं तोंड एकदा बघायला अंबाजींचा जीव तुटतो, पण आता काय उपयोग?

“समीर, इकडं ये. इथं उभा राहा.”

“काका? पण तुमचा फोटो...”

“तू घे रे! गुडघा टेक, अन् अंतरपाट हलला की लगेच दाब.”

मंगलाष्टकं सुरू झाली. अंबाजी माणसांतून वाट काढत मागच्या अंगणात आले. सुलभाबाई कुंडीतल्या तुळशीपुढं एकट्याच वाकल्या होत्या. पाण्याची धार कुंडीबाहेर सांडत होती.

चाहूल लागली तशा त्या न वळताच म्हणाल्या, “कोण ते? तिकडं लग्न लागतंय, जा ना.”

आतून ‘सावधान’ ऐकू आलं. टाळ्या वाजल्या, बँड दणाणला. तांब्या रिकामा झाला, तरी सुलभाबाईंनी तो तसाच वाकडा धरला होता.

अंबाजींना समोरचं धूसर दिसायला लागलं. त्यांनी बाहीनं आधी कॅमेऱ्याची काच पुसली, मग डोळे.

“वहिनी,” ते म्हणाले, “जरा इकडं वळा. तोंड दिसू द्या.”