शेपटीपाशची चरबी

नदीत राहणाऱ्या केसाळ बीव्हर प्राण्याचं तिसऱ्यांदा खरवडलेलं कातडं डेझीने पुन्हा सासूसमोर धरलं. मोतीबिंदूमुळे हॅरिएटला धड दिसत नव्हतं. तिने आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला. "शेपटीपाशी चरबी राहिलीय. कुजेल तिथे." "आई, तिथे आता फक्त तुमचा अंगठा आहे!" डेझीने हाडाची दातेरी खरवडणी आपटली. "मग तुम्हीच करा." म्हातारी खरंच खरवडणी घेऊन कातडं ताणायच्या ओंडक्यापाशी बसली. पन्नास वर्षं तिच्याइतकं साफ कातडं क्री आदिवासींच्या वस्तीत कुणी काढलं नव्हतं. दोनदा हात सफाईने फिरला. तिसऱ्यांदा टर्रकन आवाज झाला. बोटभर भोक! या क्षणाची डेझी लग्नापासून वाट पाहत होती. पण म्हातारीचा अंगठा भोकाच्या कडेवरून फिरतच राहिला. "जुना चावा असणार तो. हे मेले बीव्हर सारखे आपसात भांडतात," डेझी करवादली. हॅरिएटने नाक मुरडलं. "मला शिकवतेस? सुई आण. टाके बारीक घाल."