हरभऱ्यातली खुरं

चावडीवर सगळ्या गावादेखत मायाक्का धनगरीण हात जोडून उभी राहिली. "चूक आमच्या मेंढरांची. हरभरा त्यांनीच खाल्ला. पण चराईला शिवार बंद करू नका, एवढं मागणं आहे."

पंचांनी समाधानानं माना हलवल्या. तक्रार करणारे दौलतराव शेलार मात्र घामाघूम झाले. हरभरा खाल्ला होता त्यांच्याच दावं तोडलेल्या म्हशीनं. हे त्यांना कालच कळलं होतं. पण धनगरांना शिव्या घालून गाव गोळा केल्यावर आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

मायाक्काचे जोडलेले हात त्यांना बघवेनात. ते उठले आणि अडखळत सगळं सांगून मोकळे झाले. 

"मायाक्का, मग तू कबूल कशापायी केलंस?" दौलतरावांनी विचारलं.

"म्हशीची खुरं मी पहिल्याच दिवशी वळखली, अण्णा. पण माझं कोण ऐकणार होतं?"

शिवार मेंढरांना खुलंच ठेवायचं, असं त्याच बैठकीत ठरलं. मायाक्का सगळ्यांना रामराम घालून निघाली, तेव्हा तिच्याकडं बघायला एकाचीही मान वर झाली नाही.