खालची अक्षरं

"थांबव," आई म्हणाली. "हा मेला कोण आता?"

"मास्तर. चष्मा काढलाय म्हणून ओळखू येत नाही."

"चष्म्यात किती गरीब दिसायचा. लाव."

धाकटीने मालिका पुढे चालू केली. रविवारची दुपार होती. दोघी मायलेकी पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मालिका चिनी, धुक्यातल्या एका बंदरावरची. तिथल्या मासळीच्या शीतगृहात प्रेत सापडलं होतं आणि जो तो काहीतरी लपवत होता. चिनी नावं लक्षात राहीनात, म्हणून आईने सगळ्यांची नव्याने बारशी केली होती: टकल्या फौजदार, मास्तर, मासळीवाली. फौजदाराने पुरावा जाळला होता, मास्तराने डोळ्यांदेखत खून होताना पाहून तोंड शिवून घेतलं होतं, तरी आईचा दोघांवर जीव जडला होता. "ह्यात धड चांगलं कुणीच नाही," ती म्हणायची, "म्हणून खरं वाटतं."

जन्मभर शर्टांना काजं करून आईचे डोळे कामातून गेले होते. माणसं दिसायची, त्यांचं उठणंबसणं दिसायचं. पडद्याच्या तळाशी येणारी अक्षरं मात्र तिला मुंग्यांची रांग. ती धाकटी वाचायची आणि आपल्या भाषेत सांगायची. सवयीने तिचा असा हात बसला होता की आई कधीकधी विसरूनच जायची, ही माणसं दुसरंच काहीतरी बोलतायत.

फौजदार मासळीवालीच्या घरात शिरला. खुर्ची ओढून बसला. खाली अक्षरं उमटली.

"काय म्हणतोय?"

"विचारतोय... त्या रात्री तुमचा मुलगा घरी होता का?"

आईने मांडीवरची उशी घट्ट धरली. दोन वर्षांपूर्वी ह्याच खोलीत तिला पोलिसांनी हाच प्रश्न विचारला होता. गोदामाचा राखणदार डोक्यात मार बसून मेला होता. आई म्हणाली होती, नाही साहेब, तो घरी नव्हता. धाकटीचा दादा तुरुंगात गेला. तेव्हापासून त्याने आईला भेटीला येऊ दिलं नाही. धाकटी एकटीच जायची. कालही जाऊन आली होती. तिने आईचं नाव काढलं तसा दादा उठला आणि पाठ फिरवून चालू लागला. घरी येऊन धाकटीने सांगितलं होतं, "तुझ्या डोळ्यांचं विचारत होता."

पडद्यावर मासळीवाली बोलत होती. घरीच होता, साहेब. ताप होता त्याला. रात्रभर मी उशाशी बसले होते.

"काय म्हणाली गं?"

"म्हणाली, नाही. घरी नव्हता."

"एवढ्यासाठी इतका वेळ?"

"रडत रडत बोलतेय ना."

आईने तळहाताने तोंड पुसलं. "स्वतःच्या तोंडाने सांगितलं पोराचं," ती म्हणाली. "म्हणजे असतात अशा बाया."

"असतात ना."

आईने पाय पसरले. किती दिवसांनी ती अशी सैल बसली होती. धाकटीला इतकं भरून आलं की तिने तोंड खिडकीकडे वळवलं. केलं ते चांगलंच केलं, असं तिला वाटलं.

तिचं हे समाधान पुढचा प्रसंग येईपर्यंत टिकलं. मासळीवालीचं स्वयंपाकघर होतं. टेबलाशी एक तरुण खाली मान घालून जेवत होता.

"हा मुलगाच ना तिचा?" आई पुढे सरकली. "सुटला कसा?"

"जुनी आठवण दाखवतायत," धाकटी म्हणाली.

"आठवण कसली? हाताला पट्टी आहे. ती तर मारामारी झाली तेव्हा बांधली."

पडद्यावर मासळीवालीने आपल्या वाडग्यातला घास उचलून मुलाच्या वाडग्यात ठेवला. मुलाने वर पाहिलं नाही, पण खाल्ला.

"खरं काय म्हणाली होती ती?"

"आई, जाऊ दे ना."

"वाच. लिहिलंय तसं वाच."

धाकटीने मालिका मागे नेली. फौजदार पुन्हा आत आला, पुन्हा खुर्ची ओढून बसला. धाकटीने एकेक शब्द वाचला. घरीच होता, साहेब. ताप होता त्याला. रात्रभर मी उशाशी बसले होते.

"ताप," आई म्हणाली. "मला सुचलंच नाही गं."

"आई, तू खोटं बोलायला हवं होतंस असं नाही. एक माणूस मेला होता. त्याचीही आई असेल."

"असेल ना. तिचा विचार करूनच तर बोलले मी." आईचा आवाज फुटला. "पण दादा माझ्या ताटातला घास खायचा, तो गेला. ते कोण बघणार?"

धाकटीने तिचा हात हातात घेतला. काजं करून करून बोटांची टोकं लाकडासारखी झाली होती. पडद्यावर फौजदार खुर्चीवर तसाच बसून होता, मासळीवालीचं म्हणणं कागदावर उतरवून घेत होता. त्याला ते खरं वाटत नव्हतं, हे न वाचताही कळत होतं.

बऱ्याच वेळाने आईने हात सोडवून घेतला.

"दादा माझ्याबद्दल काय बोलतो," ती म्हणाली, "तेही तू असंच वाचतेस ना मला?"

धाकटीने मान खाली घातली. आईला तेवढं दिसलं.

"रडू नकोस. हे सगळं आता नीट वाच, लिहिलंय तसं." आई पुन्हा भिंतीला टेकली. "दादाचं मात्र तू सांगतेस तसंच सांगत जा."