न विरणारी साडी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी इचलकरंजीत सुमन हावळ यांनी तान्ह्या नातीसाठी आदल्या दिवशी शिवलेली गोधडी उचलली. टाके निसटून खाली पडले होते. बाळंतपणात गेलेल्या लेकीची साडी फाडून ती शिवली होती; ती साडी पुन्हा अखंड झाली होती.

“आई, हे आपोआप सांधणारं कापड आहे,” जावई म्हणाला. “राहू द्या. साडीच पांघरवा की बाळाला.”

“गेलेल्या बाईचं लुगडं अखंड ठेवत नाहीत आपल्यात. फाडून, शिवून मगच लेकराच्या अंगावर.”

“कापलं तरी जुळतं ते.”

“मग असलं घेतलंत कशाला?”

“टिकेल म्हणून तिनंच घेतलं.”

साडीच्या कंपनीने फोनवर सांगितले, की धागा चाळीस वर्षे जिवंत राहतो. सुमनताईंनी कात्री घेतली. दुपारी एकपर्यंत नऊ तुकडे झाले होते. त्यांतले दोन जुळले होते.