सगळ्यात जवळची गाडी

मारतहळ्ळी पुलाखाली उभ्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये नर्स वादिराजच्या छातीत जोराची कळ आली. ड्रायव्हर गुंडोने त्याला स्ट्रेचरवर आडवं केलं आणि चावी फिरवली.

“थांब. केस नंबरशिवाय गाडी हलवलीस तर तुझी नोकरी जाईल. आधी फोन लाव.”

कंट्रोल रूममधल्या बाईंनी पत्ता विचारला, वय विचारलं, घाम येतोय का तेही विचारलं.

“सरी, ठीक आहे. सगळ्यात जवळची गाडी पाठवतेय.”

लगेच गुंडोसमोरचा टॅब वाजला.

नवी केस. अंतर : ० किमी.

गुंडोने सायरन लावून गाडी काढली. मागे वादिराज एका हाताने ऑक्सिजनचा मास्क धरून दुसऱ्या हाताने स्वतःचाच फॉर्म भरत होता. ‘रुग्ण शुद्धीवर आहे का?’ त्याने ‘होय’वर खूण केली.

“अण्णा, राहू दे की ते!”

“नर्सची सही नसली तर पेशंट घेत नाहीत रे. तू पुढे बघ.”

सही झाली. पेशंट घेतला. वाचलाही.

चौथ्या दिवशी आयसीयूत वादिराजला ऑफिसचं पत्र आलं.

‘गाडीतल्या कॅमेऱ्यानुसार संपूर्ण प्रवासात पेशंटशेजारची नर्सची खुर्ची रिकामी होती. आपण कुठे होता, याचा लेखी खुलासा करावा.’