सीसॉची कोरडी बाजू

लेक दिसेल ते तोंडात घालते, म्हणून इमारतीमागचा सीसॉ मी रोज सकाळी साबणाच्या पाण्याने धुते.

"आता पावडरही लाव त्याला," नवरा चिडवतो.

गेले चार दिवस सगळ्या सीसॉवर दव असतं, फक्त खाली टेकलेली बैठक कोरडी. हात लावला तर कोमट.

"ऊन लागत असेल गं."

"एकाच बाजूला?"

"माझं डोकं नको खाऊस."

आज मला राहवलं नाही. लेकीला मी वरच्या, ओल्या बैठकीवर बसवलं. बारा किलोची पोर, सोडली की धाडकन खाली येणार, म्हणून घट्ट धरून ठेवलं. मग एक हात हळूच काढला. मग दुसराही.

ती वरच राहिली.

मी तिच्याखाली हात पसरून उभी. ओरडायलाही भीती वाटत होती.

तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. समोरच्या रिकाम्या बैठकीकडे बघत तिने बोट उगारलं आणि मी तिला रोज ज्या सुरात बजावते, अगदी त्याच सुरात म्हणाली, "एकदम उठायचं नाही हं. समोरचा पडतो."

समोरची बैठक किंचित करकरली.