एकास दीड

बायको गेल्याचं त्याला कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांकडून कळलं. फोन आला तेव्हा तो कारखान्यात होता, प्लेटिंग खात्यात, कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातलेला. "त्या प्रयोगशाळेतच कोसळल्या. दवाखान्यात नेलं, पण गेल्या," सर म्हणाले आणि रडायला लागले. तो रडला नाही. त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की बायको माझी आणि रडतो हा. लाज वाटावी असाच विचार होता, पण आला खरा.

ती त्या कॉलेजात प्रयोगशाळेची मदतनीस होती. बाटल्या भरायच्या, परीक्षानळ्या धुवायच्या, मुलांनी सांडलेलं पुसायचं. गेल्या चार महिन्यांत मात्र दर गुरुवारी ती दोन तास उशिरा यायला लागली होती.

"काय करता तिथे दोघं?" त्याने एकदा विचारलंच.

"गणितं."

"या वयात?"

"या वयात तू जळतोस, मी गणितं करते. ज्याची त्याची हौस."

ती हसली. तो हसला नाही. शेवटचे आठ दिवस तर तो तिच्याशी धड बोललाही नव्हता. डबा उचलायचा आणि चालू लागायचं.

पंधरा दिवसांनी सर तिची वही घेऊन दारात उभे राहिले. "ही तुमच्याकडे असायला हवी," म्हणाले. आणखी काही बोलणार होते. त्याने वही घेतली आणि दार लावलं.

वहीत खरंच गणितं होती. पदार्थात काय किती टक्के आहे ते दिलेलं, त्यावरून त्याचं सूत्र काढायचं. पण गणितांच्या कडेला पेन्सिलीने, बारीक अक्षरात, तिने काही काही लिहून ठेवलं होतं. 'ह्यांना हे लगेच कळेल.' 'ह्यांना टक्के आवडत नाहीत, शंभर ग्रॅम म्हणावं.' 'हे दमलेले असतील तर आज नको.'

ह्यांना! वीस वर्षांच्या संसारात तिने त्याला कधी 'हे' म्हटलेलं त्याने ऐकलं नव्हतं. तो होता 'तू', 'अरे', फार तर 'ऐकतोस का'. शेजारणी नवऱ्यांना अहो-जाहो करायच्या तेव्हा ती पदराआड तोंड दाबून हसायची. आणि या मास्तरड्याला 'हे'! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. दमलेले असतील म्हणे. खडू उचलून दमतो होय हा?

ती शेवटपर्यंत आपली होती की नव्हती, एवढंच त्याला कळायला हवं होतं. विचारायला ती नव्हती. वही होती.

रसायनाशी त्याचं आधीच वाकडं होतं. सुपरवायझरच्या परीक्षेत त्याच एका पेपरात तो दोनदा नापास झाला होता. दुसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा 'खड्ड्यात गेली परीक्षा' म्हणून त्याने पुस्तक माळ्यावर फेकलं होतं. पण आता तो रोज कामावरून आला की वही घेऊन बसायला लागला. ती जशी गणितं करत गेली तसा तो पानापानावरून तिच्या मागे गेला.

शेवटचं गणित गंजाचं होतं. मुलामा चढवण्याआधी लोखंडावरचा गंज उतरवायचा, यातच त्याच्या नोकरीची सगळी वर्षं गेली होती. शंभर ग्रॅम लाल गंज. लोखंड सत्तर, ऑक्सिजन तीस. सत्तरला लोखंडाच्या अणुभाराने, छप्पन्नने भागलं, तीसला ऑक्सिजनच्या, सोळाने. आलेल्या दोन आकड्यांतल्या लहान आकड्याने पुन्हा दोघांना भागलं. एकास दीड आलं. आता अर्धा अणू कुठून आणायचा? खात्यात तो करायचा तेच त्याने केलं. तिथे दीड बादली ॲसिड सांगितलं की तो दोन ओतायचा, उगाच कमी पडायला नको. त्याने तिच्या गणिताखालीच लिहिलं: एकास दोन.

पान उलटलं. तिथे तिने पेन्सिलीने लिहिलं होतं. 'इथे हे दीडचे दोन करतील. हसायचं नाही.'

दोनच तर येतात, त्यात हसण्यासारखं काय? म्हणजे मास्तराच्या बरोबर उत्तरालाही हिला लाडाने हसू! दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि कॉलेज गाठलं.

सर प्रयोगशाळेत एकटेच होते. त्याने वही टेबलावर आपटली. सरांनी चष्मा लावला, पण तिच्या अक्षराकडे पाहिलंच नाही. त्याच्या गणितावर बोट ठेवलं.

"हे कुणी केलंय?"

"मी. का?"

"चुकलंय. दीडचे दोन करायचे नसतात. दोन्ही आकडे दुप्पट करायचे. दोनास तीन."

"मग तुम्ही कशाला करता दीडचे दोन?"

"मी?" सर गोंधळले. "अहो, तीस वर्षं हेच शिकवतोय. मी कशाला करीन?"

त्याने पान उलटलं. 'इथे हे दीडचे दोन करतील.' ती एक ओळ वाचायला त्याला बराच वेळ लागला. मग तो स्टुलावर बसला.

"ती माझं नाव काढायची का हो कधी?"

"नाव कधीच नाही," सर म्हणाले. "म्हणायच्या, हे पुन्हा परीक्षेला बसणार. ह्यांना पुस्तकातलं नाही कळत, हातातलं कळतं. आधी मला नीट येऊ दे, मग मी ह्यांना शिकवते. दर गुरुवारी हेच."

त्याला सरांचा पुन्हा हेवा वाटला, आधीपेक्षा जास्त. त्यांनी ते 'हे' तिच्या तोंडून ऐकलं होतं.

सरांनी पुढचं पान उघडलं. वर तिने मथळा लिहून खाली रेघ मारली होती: रेणुसूत्र. बाकी पान कोरं होतं.

"साध्या सूत्रावरून नुसतं प्रमाण कळतं," सर म्हणाले. "अख्खा रेणू केवढा, ते पुढच्या गुरुवारी घेणार होतो."

सुपरवायझरची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. रेणुसूत्र त्याला अजून येत नाही.